मेतकूट घातलेला संत्र्याचा रस

सुरुवातीलाच सांगून टाकतो... असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातला मी नाही. माझी सगळी नोकरी जबलपूरच्या फौजी सामानाच्या फॅक्टरीत, इन्स्पेक्शन सेक्शनला झाली. आमच्याकडे जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, आला की त्याला गेज, म्हणजे मापाचा साचा, लावायचं. बसलं तर पास, हिरवा टॅग. नाही बसलं तर रिजेक्ट, लाल टॅग. ‘जवळपास बसलं’ म्हणणाऱ्यासाठी तिसरा रंग नव्हता. या सदरातले पांढऱ्या साडीवाल्या बायांचे आणि पिंपळाखालच्या हाकांचे अनुभव मी चहासोबत वाचतो, आणि खरं सांगू? मनातल्या मनात लाल टॅग लावत जातो.

पण परवा बायको म्हणाली, “दुसऱ्यांना हसता, अन् तुमच्या घरचा रसाचा किस्सा काहून नाही लिहीत?”

तर लिहितोय. आधीच सांगतो, यात भूत नाही, अमावास्या नाही, कुणी घाबरलंही नाही. भर दुपारची, लख्ख उन्हातली गोष्ट आहे. आणि आमच्या घरातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसांची सुरुवात तिथून झाली.

बांगलादेशची लढाई संपून दोनेक महिने झाले होते. लढाईच्या दिवसांत फॅक्टरी रात्रंदिवस चालायची. मी नवा नवा लागलो होतो आणि आमचे अण्णा तिथेच, गाड्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे गाड्या जोडायच्या विभागात, जुने मिस्त्री. आम्ही बापलेक एकाच गेटातून आत जायचो आणि ओव्हरटाइममुळे आठवडा आठवडा एकमेकांचं तोंड पाहायचो नाही. घर चेरीतालला. घरात आई, अण्णा, मी आणि माझी धाकटी बहीण शालू.

शालूचा साखरपुडा दसऱ्याला झाला होता. मुलगा नागपूरचा, मनोहर. फौजेत ट्रक चालवायचा. नव्या गाड्यांची डिलिव्हरी घ्यायला तो फॅक्टरीत आला, आणि अण्णांनी जोडलेल्या गाडीत बसून त्यांनाच म्हणाला, “क्लच कडक आहे जी.” अण्णांना कुणी असं बोलायची शॉपमध्ये टाप नव्हती. अण्णा भडकले, स्वतः गाडीत बसले, क्लच दाबला... आणि क्लच खरंच कडक होता. त्या संध्याकाळी ते त्याला हाताला धरून घरी जेवायला घेऊन आले. पुढचं तुम्ही समजलाच असाल. जेवण झाल्यावर या गड्याने एक संत्रं दोन घासांत संपवलं, बिया मात्र ताटाच्या कडेला रांगेत मांडल्या. शालू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती. आई म्हणाली, “पोट्टीचं ठरलं बाप्पा!”

दसऱ्यानंतर तो पूर्वेकडे गेला. लढाई लागली, लढाई जिंकली, गल्लीत पेढे वाटले गेले... आणि मनोहरचा काही पत्ता नाही. त्याच्या युनिटकडून एवढंच कळलं की गाडीला अपघात झाला, गाडी सापडली, ड्रायव्हर सापडला नाही. पौष गेला, माघ सरत आला. शेवटी त्याच्या वडिलांनी नागपूरहून एका पाहुण्याच्या हाती निरोप पाठवला – तुमची मुलगी आमच्या नावावर अडकवून ठेवू नका, तिचं दुसरीकडे बघा. फार भला माणूस. निरोप सांगताना त्या पाहुण्याच्याच डोळ्यांत पाणी आलं.

अण्णांनी ठरवलं की नागपूरला जायचं, अंगठी आणि साखरपुड्याची साडी मानाने परत करायची, त्या आईबापांजवळ बसायचं आणि यायचं. शालू काही बोलली नाही. दोन महिन्यांत ती तशीही बोलतच नव्हती. काम करायची, विचारलं तेवढ्याला हो-नाही म्हणायची. जिच्या बडबडीला कंटाळून आई तिला रेडिओ म्हणायची, त्या मुलीचा आवाज ऐकायला आम्ही तरसलो होतो.

आता गाडीचं सांगतो, कारण गाडीशिवाय हा किस्सा घडलाच नसता. अण्णांनी लढाईच्या आधी लिलावातून एक मोडीत काढलेली फौजी ॲम्ब्युलन्स घेतली होती. त्यांच्या डोक्यात होतं, हिचं घर करायचं. स्ट्रेचरच्या जागी झोपायच्या फळ्या, कोपऱ्यात स्टोव्ह, पाण्याच्या ड्रमला तोटी, खिडक्यांना आईच्या जुन्या लुगड्याचे पडदे. आजकाल त्याला मोटारहोम म्हणतात आणि लोक त्याचे व्हिडिओ टाकतात. तेव्हा चेरीतालमध्ये त्याला ‘अण्णांचं खूळ’ म्हणत.

अण्णांची एकच खोड होती. शॉपमधल्यासारखा हिरवा रंग हातात आला की ते थांबायचे नाहीत. गाडी हिरवी, फळ्या हिरव्या, स्टोव्हचा स्टँड हिरवा. आईने प्रवासासाठी जमवलेले चहाचे सारखे छोटे डबेसुद्धा त्यांनी एका रविवारी हिरवे करून टाकले. आई किंचाळली, “अहो, आता मीठ कोणतं अन् हळद कोणती, कसं ओळखू मी?” अण्णा म्हणाले, “उघडून बघायचं.” हे डबे लक्षात ठेवा.

सुटी मंजूर झाली ती नेमकी महाशिवरात्रीपासून. आई म्हणाली, “शंकराच्या दिवशी असलं काम घेऊन निघू नये.” अण्णा म्हणाले, “फॅक्टरी पंचांग पाहून सुटी देत नाही.” आम्हा सगळ्यांचे उपास. आईने साबुदाणा, दाण्याचे लाडू, शेंदेलोण असं बांधून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या मऊ भातासाठी तांदूळ आणि मेतकूट. तिलवाऱ्याच्या पुलावर नर्मदेच्या स्नानाला ही गर्दी! आईने चालत्या गाडीतूनच हात जोडले, नदीत नाणं टाकलं. काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती. शालू मागच्या फळीवर अंगठीची डबी मांडीवर घेऊन बसली होती.

बरगीच्या पुढे, रस्त्याच्या कडेला एक माणूस लाकडी खोक्यांच्या थप्पीजवळ उभा. आमची गाडी दिसताच तो दोन्ही हात हलवत आडवाच आला. मी ब्रेक दाबला. काही बोलायच्या आत त्याने मागचं दार उघडलं आणि पहिलं खोकं शालूच्या पायाशी ठेवलंसुद्धा!

“अरे भैया, ये क्या कर रहे हो?” मी ओरडलो.

“हस्पताल का माल है ना साब? तीन रोज से रस्ता देख रहे।”

झालं असं होतं की अण्णांच्या हिरव्या रंगाखालून ॲम्ब्युलन्सचा जुना लाल क्रॉस उन्हात मस्त वर आला होता. याला वाटलं, जखमी जवानांच्या हॉस्पिटलासाठी रस न्यायला गाडी आली. आम्ही समजावून सांगेपर्यंत आतून एक म्हातारी काठी टेकत आली. गोरीपान, कमरेत वाकलेली, हातांना संत्र्याच्या सालीचा वास आणि रंग दोन्ही. सगळे तिला बऊ म्हणत, म्हणजे आजी. बाग तिची, बागेतलं रसाचं कारखानाघरही तिचंच.

तिने गाडीला एक चक्कर मारली, आत डोकावून फळ्या, स्टोव्ह, पडदे बघितले आणि खो खो हसत सुटली. “काय भैया, पूरी गिरस्ती लेके निकरे हो! उतरो, उतरो. सिवरात है, रस पीके जाओ।”

अण्णांना थांबायचं नव्हतं. पण कुणी कारखाना म्हटलं की त्यांचे पाय आपोआप वळायचे. उतरले.

काय सांगू, अशी जागा मी पुन्हा पाहिली नाही. लढाईच्या महिन्यांत आम्ही जो कारखाना पाहिला तो लोखंडाचा, तेलाचा, भोंग्याचा. आणि हा कारखाना बायकांच्या गाण्यांचा! लांब पडवीत दहा-बारा बाया ओळीने बसून संत्री अर्धी करत होत्या. लाकडी दाबयंत्राचा दांडा दोघींनी मिळून खाली ओढला की खालच्या तामचिनीच्या टोपात रसाची धार. मग मलमलच्या फडक्यातून गाळायचा, मोठ्या कढईत बाटल्या उकळायच्या, बूच मारून लाखेने तोंड बंद. अंगणभर सालींचे ढीग वाळत होते. वासानेच अर्धा उपास सुटला म्हणा ना. अण्णा तर दाबयंत्राच्या दांड्यापाशी बसलेच. “बऊजी, इसका पिन घिस गया है,” म्हणाले, आणि गाडीतून पाना आणून कामाला लागले.

बऊंच्या कारखान्यात एक रीत होती. रोजच्या घाण्याचा पहिला ग्लास बाटलीत जात नसे. तो बाहेरगावी असलेल्या माणसाचा. पाहुणा आला तरी त्याने आधी स्वतःच्या हाताने एक ग्लास पिळायचा, आपल्या घरातलं जे कुणी दूर आहे त्याच्या नावाने. विहिरीच्या कठड्यावर नेऊन ठेवायचा. मग स्वतः प्यायचं. संध्याकाळी ते ग्लास झाडांच्या बुंध्याशी रिकामे करत. बऊंचे यजमान आधीच्या मोठ्या लढाईत ब्रह्मदेशाकडे गेले होते, तेव्हापासूनची रीत. “लौट आए का?” आईने विचारलं. “हओ!” बऊ म्हणाल्या. “आए, और आते ही बोले, रस में सक्कर काहे डालती थी, मोहे तो सादा भाता है।” आणि पुन्हा खो खो हसल्या. मी मनात म्हटलं, चला, म्हातारी गोष्टी छान सांगते. लाल टॅग.

मग त्या शालूकडे वळल्या. “बिन्ना, तुम किनके लाने निचोड़ोगी?” पोरी, तू कुणासाठी पिळणार, असं विचारत होत्या.

आमची सगळ्यांचीच तोंडं उतरली. आई काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात शालू म्हणाली, “है एक.” आणि उठली.

तिने ढिगातून स्वतः निवडून संत्री घेतली. हातानेच पिळली. बाया म्हणाल्या, थोडं मीठ घाल, चव येते. तशी ती गाडीत गेली, शेंदेलोणाचा डबा घेऊन आली, आणि डोळे पुसत पुसत चमचाभर घालून ढवळलं. पांढरा तामचिनीचा ग्लास, निळी कड. कडेला एक टवका उडालेला, अर्ध्या चंद्रासारखा. डिफेक्ट दिसला की माझी नजर तिथे जाणारच, धंदाच तो. तिने ग्लास नेऊन विहिरीच्या कठड्यावर ठेवला. क्षणभर उभी राहिली. मग परत येऊन आमच्यासाठी पिळायला बसली.

विहीर पडवीच्या समोरच होती. मध्ये मोकळं, सारवलेलं अंगण. कुणी गेलं असतं तर आमच्या डोळ्यांसमोरून गेलं असतं. हे मी ठासून सांगतोय, कारण नंतर मी यावर बराच जीव आटवला आहे.

दुसरा ग्लास अण्णांचा. शालूने त्याच डब्यातलं मीठ घातलं. अण्णांनी घसा कोरडा पडल्यासारखा मोठा घोट घेतला... आणि त्यांचा चेहरा! डोळे मोठे, गाल फुगलेले, ना गिळता येई ना थुंकता. शेवटी गिळलं.

“शाले... हे काय घातलंस?”

“मीठ, अण्णा.”

आईने डब्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि कपाळावर हात मारला. “मेतकूट! अगं बाई, मेतकूट घातलंस तू संत्र्याच्या रसात! अन् शिवरात्रीला! यांचा उपास मोडला की वं!”

“आणखी करा डबे हिरवे!” मी म्हटलं.

“मला काय म्हणून राहिला? उघडून बघायचं सांगितलं होतं ना मी?” अण्णा ओरडले, आणि त्यांच्या मिशीला मेतकुटाचा पिवळा काठ.

आणि शालू हसली. आधी नाकातून, मग तोंडाला हात लावून, मग पोट धरून. दोन महिन्यांनी! तिला हसताना बघून आई हसायला लागली, मग मी, मग ती सगळी पडवी. त्या बायांना मेतकूट म्हणजे काय ते कळेना. आईने सांगितलं, डाळी भाजून, हिंग-हळद-मेथी घालून दळतात, भातावर खातात. ते रसात म्हटल्यावर बऊंना तर ठसकाच लागला. अण्णा आधी रागावून बघत होते, मग त्यांनाही राहवलं नाही. घरात हसणं असं परत येतं, हे तेव्हा कळलं.

हसता हसता शालू एकदम थांबली. “अगं आई... त्यांच्या ग्लासात पण मेतकूटच गेलं असेल!”

“जा, बदलून ये,” आई डोळे पुसत म्हणाली. “बिचाऱ्याला उपासाला मेतकूट नको पाजू.”

शालू विहिरीकडे गेली. आणि तिथेच उभी राहिली. हाक मारली तरी वळेना. मी उठून गेलो.

ग्लास जागेवर होता. सरळ उभा. रिकामा. तळाशी तेवढा पिवळा गाळ, पेल्यातलं कुणी प्यायल्यावर शेवटी राहतो तसा. आणि ग्लासाशेजारी, कठड्याच्या दगडावर, संत्र्याच्या बिया... एका ओळीत मांडलेल्या.

मी तेव्हाही इन्स्पेक्शनचाच माणूस होतो. आधी माकडांचा संशय घेतला. पण माकड ग्लास उचलेल, फेकेल, पिऊन जागेवर नाही ठेवणार. कठडा कोरडा. सांडलं नव्हतं. विहिरीमागे काटेरी कुंपण. पडवीतल्या बाया मोजल्यासारख्या जागेवरच होत्या. आणि मुख्य म्हणजे, अण्णांसारख्या लोखंड पचवणाऱ्या माणसाला ज्याचा एक घोट जड गेला, तो अख्खा ग्लास कोण पिईल?

अण्णा आले. आई आली. शालूने त्या बिया उचलून पदराच्या टोकाला बांधल्या आणि शांतपणे म्हणाली, “अण्णा, मी अंगठी परत देणार नाही.”

“शाले...”

“ते आहेत. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. मी थांबून राहीन.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग विहिरीकडे. मग उगाच गाडीकडे जाऊन बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं. बऱ्याच वेळाने बाहेर काढलं तेव्हा डोळे लाल होते, आणि हाताला ग्रीस नव्हतं.

“गिअरबॉक्स आवाज करून राहिला,” म्हणाले. “एवढ्या लांब नाही जाणार ही. परत चला.”

मी स्वतः गाडी चालवत आलो होतो. गिअरबॉक्स लोण्यासारखा होता. “हो, मलाही वाटलं खरं,” मी म्हणालो.

निघताना बऊंनी काही विचारलं नाही. आईच्या हातात रसाच्या बाटल्या दिल्या आणि शालूच्या डोक्यावरून हात फिरवला. परतीच्या वाटेवर तिलवाऱ्याला शालूने गाडी थांबवायला लावली आणि घाटावर उतरून पाय धुऊन आली. घरी येईपर्यंत रेडिओ सुरू झाला होता. अखंड.

आता चेरीतालला जे बोललं गेलं ते सांगत नाही. पोरीच्या हट्टापायी बाप वेडा झाला, असं लोक म्हणाले. एका सरकारी ऑफिसातल्या मुलाचं स्थळ आलेलं, तेही हातचं गेलं. मला स्वतःला काळजी वाटायची. चार बियांवर मुलीचं आयुष्य टांगायचं? मी एकदा अण्णांना तसं म्हणालोही. ते एवढंच म्हणाले, “क्लच कडक आहे, यालाही मी आधी नाहीच म्हटलं होतं.”

आणि होळीच्या आधी तार आली. मनोहरच्या वडिलांची. मनोहर जिवंत, हॉस्पिटलात, बोलतो आहे.

आई तार हातात घेऊन गल्लीत धावली. अनवाणी. अण्णा शॉपमध्ये होते. मी सायकल मारत गेलो, गेटवर निरोप दिला. अण्णा बाहेर आले, ऐकलं, आणि माझ्या सायकलच्या दांड्यावर बसून घरी आले, मी कॉलेजात असल्यापासून मला सायकल नीट चालवता येत नाही असं जे म्हणत आले, ते. त्या वर्षीची होळी आमच्या गल्लीने अशी खेळली की गाडीचा हिरवा रंग शेवटी झाकला गेला.

मनोहर चैत्रात आला. काठी टेकत, अर्धा झालेला, पण आला. डोक्याला मार, ताप, अंगावर ओळख पटेल असं काही नाही. या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात, बेनाव पेशंट म्हणून हलवत गेले होते. कित्येक आठवडे शुद्ध नाही. पोटात काही ठरत नव्हतं.

आईने त्याला आजाऱ्याला वाढतात तसं वाढलं... मऊ भात, वर तूप आणि मेतकूट. त्याने पहिला घास तोंडात घातला आणि थांबला. पुन्हा वास घेतला. मग हसायला लागला.

“आई,” म्हणाला, “एक विचारू का? रागावू नका. संत्र्याच्या रसात कोणी मेतकूट घालतं का जी?”

आईच्या हातातली पळी तुपात पडली.

कुणी सांगितलं होतं त्याला? कुणीच नाही. मी सगळ्यांना वेगवेगळं गाठून विचारलं. आईने नाही, अण्णांनी नाही. शालूने तर शंकराच्या पिंडीवर हात ठेवून सांगितलं. त्याच्या नागपूरच्या घरी आम्ही फक्त ‘गाडी बिघडली’ एवढंच कळवलं होतं.

त्याने सांगितलं ते असं. तापात त्याला काही आठवत नाही. एवढंच आठवतं की फार तहान लागली होती, आणि बायकांच्या हसण्याचा मोठा आवाज येत होता. समोर रसाचा ग्लास. तो प्यायला. “इतका घाण लागला आई, की मी जागाच झालो!” डोळे उघडले तर हॉस्पिटल. जवळ मल्याळी सिस्टर. त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘मेतकूट’. त्या बिचारीने चार वॉर्डांत विचारत फिरून घेतलं, हे कुठलं गाव. मग एका मराठी जवानाने तिला सांगितलं, आणि त्याच जवानाने याच्याशी बोलून नाव-गाव काढून घेतलं. तो जवान त्या दिवशी जेवला नव्हता. मनोहरने विचारलं तर म्हणाला होता, “आज शिवरात्र आहे ना भाऊ.”

लोक म्हणतील, तापात माणसाला काहीही चवी येतात. येत असतील. औषध कडू असेल, घरच्या भाताची आठवण असेल. मी हे सगळं स्वतःशी मांडून पाहिलंय. एकेक गोष्ट सुटी घेतली तर गेज बसतं. सगळ्या एकत्र घेतल्या की नाही बसत.

आणि एक शेवटची गोष्ट तर कशातच बसत नाही.

लग्न वैशाखात झालं. शालूची पाठवणी अण्णांच्या त्याच गाडीतून, झेंडूच्या माळा लावून, लाल क्रॉसवर आईने हळदीकुंकवाची बोटं ओढून. वाटेत बऊंकडे थांबणं आलंच. संत्र्यांचा हंगाम संपला होता, लिंबाचं सरबत चाललं होतं. पडवीतल्या बायांनी नवरदेवाला बघून एकच गलका केला. बऊ काठी टेकत आल्या, मनोहरकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि ओळखीच्या माणसाला रागवावं तसं म्हणाल्या,

“काय दामाद जी! पी गए सो पी गए, गिलास तो धो के जाते!”

सगळे हसले. मनोहर लाजला. “गलती हो गई बऊ,” म्हणाला आणि पडवीच्या फळीकडे गेला. तिथे तामचिनीचे पंचवीस-तीस ग्लास पालथे घातलेले. सगळे पांढरे, सगळ्यांना निळी कड, आणि वापरून वापरून बहुतेकांचे टवके उडालेले. या जागी तो जन्मात पहिल्यांदा आला होता. त्याने हात घातला, इकडेतिकडे न बघता मागच्या रांगेतला एक ग्लास उचलला, हौदावर नेला आणि राखेने स्वच्छ घासला. मग विहिरीच्या कठड्यावर नेऊन ठेवला, नेमका त्याच दगडावर.

मी जवळ जाऊन पाहिला. कडेला टवका. अर्ध्या चंद्रासारखा.

ती बाग आता बरगीच्या धरणाच्या पाण्याखाली आहे. बऊ नाहीत, अण्णा-आई नाहीत. शालू आणि मनोहरराव विजय नगरला माझ्या घरापासून हाकेवर राहतात. दर शिवरात्रीला पहिला ग्लास तीच पिळते, गच्चीच्या कठड्यावर ठेवते, हल्ली परदेशी गेलेल्या नातींच्या नावाने. मेतकूट आठवणीने घालत नाही. मनोहरराव मात्र दरवर्षी म्हणतात, “थोडं घाल गं, त्याशिवाय जाग येत नाही.”

आणि मी... आयुष्यभर नजर ठेवायचा पगार घेतलेला माणूस... त्या ग्लासाकडे पाठ करून बसतो. हा जॉब अजून माझ्या टेबलावर तसाच पडून आहे. हिरवा टॅग लावायची हिंमत होत नाही, आणि लाल लावायचा तर शालूच्या तोंडाकडे बघून लावावा लागेल.